सावलीची वही

पहाटे ४:१०

मे महिन्यात मी जिना उतरत असते तेव्हा दूधवाला वर येत असतो. "आज कुठं?" एवढंच तो विचारतो. आज सकाळी डोणजे, संध्याकाळी प्रभात रस्ता. दोन कुटुंबं, मिळून एकोणीस माणसं. सगळ्यात धाकटं सात महिन्यांचं बाळ, सगळ्यात थोरल्या आजी चौऱ्याऐंशीच्या.

आज १३ मे. पुण्यात सूर्य सहाच्या ठोक्याला उगवणार आणि सातच्या सुमारास मावळणार. दिवस तेरा तासांचा, पण माझ्या कामाचे तास त्यातले जेमतेम चार: सकाळी सव्वासहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सव्वापाच ते सात. मधल्या वेळात उजेड इतका असतो की त्यात माणसाचा चेहराच दिसेनासा होतो. लग्नाच्या हॉलमध्ये दिवे लावून वेळ मारून नेता येते. उघड्यावर घरच्या माणसांचे फोटो काढायचे तर उन्हाशी घासाघीस चालत नाही.

बॅग रात्रीच भरलेली आहे, पण ती रात्रभर घरात होती. बंद गाडीत दिवसा किती तापतं हे एकदा बॅटरी फुगल्यावर कळलं, तेव्हापासून सामान गाडीत ठेवून विसरायचं नाही हा नियम झाला. दोन कॅमेरे, तीन लेन्स, चार बॅटऱ्या, एक गोल रिफ्लेक्टर, घडीचा पांढरा डिफ्यूझर. एवढं कुठल्याही फोटोग्राफरकडे सापडेल. माझ्या दुसऱ्या पिशवीत चार घडीच्या खुर्च्या, सेफ्टी पिनांचं पाकीट, टिपकागद, पाण्याचा फवारा, ओले करायचे चार पंचे, थर्मासमध्ये पन्हं आणि एक वही असते. उन्हाळ्यात काम या दुसऱ्या पिशवीवर चालतं.

पहाटे ५:००

कर्वे पुतळ्यापाशी माझा मदतनीस उभा असतो. वय बावीस, झोप अर्धवट. फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत नाट्य दिसतं.

"ताई, आज धुरळा जास्त आहे. उगवतीला रंग मस्त येणार."

"रंग येऊ दे. खुर्च्या डिकीत टाक आधी."

धायरी, किरकटवाडी, खडकवासला. धरणाच्या भिंतीजवळ हवा अचानक गार होते आणि आम्ही दोघंही काचा खाली करतो. सिंहगड चढायला निघालेल्यांच्या मोटरसायकली शेजारून जातात. आमच्यासारखेच ते उन्हाच्या आधी वर पोचायच्या घाईत.

पहाटे ५:४०

डोणज्याजवळ या कुटुंबाचं स्वतःचं शेत आहे. स्वतःची जागा असली की निम्मं काम हलकं होतं. शहरात बागांचं फाटक उघडेपर्यंत चांगला उजेड निघून गेलेला असतो, टेकडीवर वन खात्याला विचारावं लागतं, पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी काढावी लागते. इथे फक्त कुत्र्याची परवानगी लागते, आणि तो शेपटी हलवतोय.

चार दिवसांपूर्वी याच वेळी मी इथे येऊन गेले होते. रेकीला मी नेहमी ठरलेल्या तारखेच्या आठवडाभरात आणि ठरलेल्या वेळीच जाते. हे शहाणपण विकत घेतलेलं आहे. सहा वर्षांपूर्वी एका डिसेंबरात एका तळ्याकाठचं वडाचं झाड पाहून ठेवलं होतं. सकाळी झाडाच्या मागून उजेड यायचा, समोर मऊ सावली, पुढे पाणी. मेमध्ये चौदा जणांचं कुटुंब तिथे नेऊन उभं केलं. सूर्य उगवला तो वडाला वळसा घालून. ऊन थेट तोंडावर, सगळे डोळे बारीक, धाकटी दोघं रडायला लागलेली. त्या दिवशी मी पैसे परत केले आणि घरी येऊन नकाशा, कंपास घेऊन बसले.

सूर्य पूर्वेला उगवतो हे आपण शाळेत शिकतो आणि मोठेपणी तपासत नाही. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, मेच्या मध्यावर सुमारे २० अंश उत्तरेकडे. म्हणजे दोन ऋतूंमध्ये उजेडाची दिशा साधारण ४५ अंशांनी फिरते. हिवाळ्यात हेरलेली जागा उन्हाळ्यात वेगळीच जागा असते. त्या रात्रीपासून ही वही सुरू झाली. एका पानावर एक जागा, आणि रकाने पाच: तारीख, वेळ, ऊन कुठून, सावली कुठे, आणि शेवटचा, "आधी कोण दमलं".

शेवटचा रकाना सुरुवातीला गंमत म्हणून घातला होता. आता मी वेळ ठरवते ती मुख्यतः त्याच्याकडे बघून.

सकाळी ६:१५

पूर्वेकडच्या डोंगराआडून ऊन बांधावर पोचतं. मंडळी दहा मिनिटं उशिरा तयार, जे मी आधीच हिशेबात धरलेलं असतं. मी कुटुंबाला नेहमी खऱ्या वेळेच्या पाऊण तास आधीची वेळ सांगते. हे त्यांना माहीत नसतं, आणि माहीत असलेल्यांनाही उपयोग होत नाही.

कपड्यांचं बोलणं आठवड्यापूर्वीच झालं होतं. थोरल्या सुनेला सगळ्यांनी पांढराशुभ्र सदरा आणि निळी जीन्स घालावी असं वाटत होतं. उन्हात नवा पांढरा सदरा हाच एक छोटा सूर्य होतो आणि त्याच्यावरचा चेहरा काळवंडतो. मी सुचवलं ते हे: कापड सुती, रंग मातीच्या आणि पानांच्या जवळचे, ठळक रंग एकाच कुणाच्या तरी अंगावर. जरीची साडी घालून मेमध्ये उभं राहणाऱ्या बाईचा चेहरा दहाव्या मिनिटाला तसं सांगतो. आजी मात्र कुणाचं ऐकण्यातल्या नव्हत्या, आणि बरंच झालं. त्या त्यांच्या रोजच्या पातळ, धुऊन मऊ झालेल्या सुती नऊवारीत आल्या आहेत.

पहिला फोटो नेहमी सगळ्यांचा. अकरा माणसं ताजी असतात ती पहिली दहा मिनिटं. लोकांना वाटतं आधी जोड्यांचे, लहान मुलांचे काढावेत आणि शेवटी सगळ्यांचा एक. तसं केलं की शेवटच्या फोटोत घाम, उतरलेली पावडर आणि "झालं का?" असं विचारणारे डोळे येतात.

मी सगळ्यांना उन्हाकडे पाठ करून उभं करते. आजोबा लगेच हटकतात. "अहो, आमच्या वेळी फोटोग्राफर सूर्य पाठीशी घेऊन उभा राहायचा."

"हो काका, आणि तुम्ही सगळे डोळे मिटलेले यायचात."

ते हसतात, आणि तो फोटो मिळून जातो. ऊन पाठीमागून आलं की केसांच्या कडा उजळतात, आणि चेहऱ्यावर समोरच्या मोकळ्या आकाशाचा सपाट, शांत उजेड पडतो. मदतनीस पांढरा पलंगपोस दोन हातांत ताणून समोर गुडघ्यावर बसतो. चंदेरी रिफ्लेक्टर उन्हाळ्यात मी बाहेर काढत नाही. तो डोळ्यांत आरसा मारल्यासारखा लागतो, आणि मुलं कॅमेऱ्याऐवजी त्याच्यावर रागावतात.

सकाळी ७:००

आता सूर्य सुमारे बारा अंश वर आला आहे, माणसाची सावली उंचीच्या साडेचारपट. मला मिळणारा हा सगळ्यात चांगला अर्धा तास. जोड्या, भावंडं, आजोबा आणि नातू.

आजोबांचा चष्मा उन्हात काळा होणाऱ्या काचांचा आहे. उघड्यावर दोन मिनिटांत ते गुप्तहेर दिसायला लागतात, आणि सावलीत आले तरी काचा निवळायला वेळ घेतात. म्हणून फोनवर आधीच सांगितलं होतं: साध्या काचांचा जुना चष्मा शोधून ठेवा. सापडला, दांडी जराशी वाकडी. वाकडी दांडी फोटोत शोभून दिसते.

थोरले जावई रुमालाने मान पुसतात. "मॅडम, अजून किती?"

घड्याळात ७:४०. शेवटच्या रकान्याची नोंद मनातल्या मनात होते. सहा वर्षांत बाळांनी सरासरी पंचवीस मिनिटं दिली आहेत, पण झोप झाली आणि पोट भरलं की पुन्हा पंचवीस मिळतात. आजी लोक सर्वात शेवटी दमतात. आधी दमतात ते चाळिशीचे धडधाकट पुरुष. त्यांना उभं राहण्यापलीकडे काही काम नसतं, बहुतेक म्हणूनच. मी त्यांना काम देते. जावईबापूंच्या हातात पन्ह्याचा थर्मास आणि पेले दिले, सगळ्यांना वाटायला सांगितलं. पाचव्या पेल्याला ते हसायला लागले, आणि त्यांचा आजचा सगळ्यात चांगला फोटो तोच आहे.

सकाळी ८:००

सावली उंचीच्या दुप्पट. आता उन्हातलं काम थांबवायचं आणि झाडाकडे वळायचं. शेताच्या कडेला जुनी चिंच आहे. घरच्यांनी आजींची खुर्ची प्रेमाने बुंध्याशी मांडून ठेवली आहे, आणि आजींच्या तोंडावर सरळ ऊन.

झाडाची सावली झाडाखाली असते ती दुपारी. सकाळी आठला ऊन फांद्यांच्या खालून तिरपं आत शिरतं आणि सावली पडते ती लांब पश्चिमेकडे. वहीत चार दिवसांपूर्वीची नोंद आहे: बुंध्यापासून बावीस पावलं, विहिरीच्या दिशेने. आम्ही खुर्ची उचलून तिथे नेतो. घरची मंडळी विचारात पडतात, कारण तिथे डोक्यावर झाड नाही, तरी सावली दाट आहे.

सावलीतही बसवायचं ते कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून. आत खोल गेलं की पानांतून झिरपणारा हिरवा उजेड गालांवर येतो आणि माणूस आजारी दिसतो. शिवाय उन्हाचे ठिपके. पानांच्या फटीतून जमिनीवर पडणारे ते गोल कवडसे म्हणजे खरं तर सूर्याच्याच छोट्या प्रतिमा. प्रत्येक फट सुईच्या छिद्रासारखं काम करते, म्हणून फट कशीही असली तरी कवडसा गोल. भौतिकशास्त्र म्हणून सुंदर, पण चेहऱ्यावर पडले की बिबट्या. उघड्या उन्हात आणि मोकळ्या सावलीत उजेडाचा फरक साधारण आठपट असतो. गालावरच्या एका कवडशाइतकी जागा जळून पांढरी होते आणि ती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

बाळ आजींच्या मांडीवर. नेमका एक कवडसा त्याच्या डोळ्यावर. मी मदतनिसाला डिफ्यूझर आणायला सांगते. तो पिशवीची चेन उघडेपर्यंत आजींनी पदर पुढे ओढून बाळावर धरलेला असतो. धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड. त्यातून आलेला उजेड बाळाच्या अख्ख्या चेहऱ्यावर दुधासारखा पसरतो. बाजारात मिळणारा डिफ्यूझर याहून वेगळं काही करत नाही. मी हाताने खूण करून मदतनिसाला थांबवते आणि तेवीस फोटो काढते. एकविसाव्यात बाळ आजींकडे बघतं.

सकाळी ९:२०

आजी सोडून सगळे मोकळे झाले. आजींना अजून एक हवा आहे, कुत्र्याबरोबर. तो काढते. मग मी उन्हात उभी राहून स्वतःची सावली पावलांनी मोजते. माझ्याइतकीच. आजच्या तारखेला पुण्यात सूर्य ४५ अंशांवर येतो तो या सुमारास. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की कॅमेरा पिशवीत, हा माझा नियम. यंत्र नसलं तरी चालतो, आणि कुटुंबालाही समजावता येतो. "पाच मिनिटं अजून" म्हणणाऱ्याला मी जमिनीकडे बोट दाखवते.

पोहे, मठ्ठा, कलिंगड. कॅमेरे पिशवीत, पिशवी सावलीत, तिच्यावर पांढरा सुका पंचा. काळा कॅमेरा उन्हात दहा मिनिटं राहिला तर हात लावता येत नाही.

सकाळी ११:००

घर. हात धुवायच्या आधी कार्डं वाचायला लावते. प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातच दोन कार्डांवर गेलेला असतो, आता तो दोन हार्ड डिस्कवर जातो, आणि एक डिस्क रात्री बहिणीच्या घरी. सातशे चाळीस फोटो. दीडशे ठेवीन, कुटुंबाला साठ दाखवीन, भिंतीवर जाईल एक.

बाहेर गुलमोहर पेटला आहे आणि समोरच्या सोसायटीतल्या बहाव्याची पिवळी झुंबरं लटकली आहेत. उन्हाळ्यात फोटो कशाला, हिवाळ्यात काढा, असं मला दरवर्षी कुणीतरी सांगतं. खरं आहे, हिवाळ्यातला उजेड दिवसभर सोसतो. पण शाळांना सुट्टी मेमध्ये असते, माहेरवाशिणी मेमध्ये येतात, आणि अकरा माणसं एका छताखाली सापडायचे दिवस वर्षात आठच.

दुपारी १२:३१

गच्चीवर सोसायटीतली सगळी पोरं जमली आहेत. आज पुण्यात शून्य सावली दिवस. सूर्य बरोबर डोक्यावर येणार. हा योग प्रत्येक गावाला त्याच्या अक्षांशाप्रमाणे वेगळ्या तारखेला येतो: कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यातच, मुंबईला आपल्यामागून दोन-तीन दिवसांनी, नागपूरला २६ मेच्या सुमारास. जुलैच्या शेवटी तो पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात.

पोरांनी स्टीलचे पेले, बाटल्या, एक क्रिकेटचा स्टंप उभा करून ठेवला आहे. बारा वाजून एकतिसाव्या मिनिटाला स्टंपची सावली त्याच्या बुडाखाली जाऊन गडप होते. ओरडा होतो. एक मुलगी उडी मारते. हवेत असताना तिची सावली तिच्यापासून सुटून खाली पडते, म्हणून मग सगळेच उड्या मारायला लागतात.

मी त्यांचे चेहरे बघते. कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा, डोळ्यांच्या खोबणीत अंधार, हनुवटीखाली काळी पट्टी. माझ्या धंद्याच्या दृष्टीने हा वर्षातला सगळ्यात वाईट क्षण. तरी दरवर्षी मी इथे येते. पोरं विचारतात, "काकू, कॅमेरा नाही आणला?" सावलीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला सावलीच्या सुट्टीच्या दिवशी कॅमेरा कशाला हवा?

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगते. उद्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असेल, आणि स्टंपची इवलीशी सावली दक्षिणेकडे पडेल. वर्षातल्या बाकी सगळ्या दुपारी ती उत्तरेकडे पडते. एकाने ते वहीत लिहून घेतलं. वही असलेला मुलगा मला आवडतो.

दुपारी १:३०

फोनची वेळ. पंखा पूर्ण, पडदे ओढलेले.

पहिला फोन: दोन मुलांची आई, शनिवारी सकाळी अकराला बागेत हवंय.

"अकराच का?"

"मुलं तेव्हा मूडमध्ये असतात हो."

मी प्रश्न विचारत जाते. मुलं उठतात किती वाजता? धाकटा झोपतो कधी? बरोबर आणखी कोण? सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत, गाडीपासून किती पावलं चालवेल? चष्मा कुणाला? जवळ स्वच्छतागृह लागेल का? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की वेळ बहुतेक आपोआप ठरते. मुलं साडेसहाला उठतात असं निघालं. मग सात वाजता, घरापासून पाच मिनिटांवर, नाश्ता बरोबर घेऊन. दूरची सुंदर जागा आणि जवळची बरी जागा यांत उन्हाळ्यात मी जवळचीच घेते. तासभर गाडीत तापलेलं मूल कुठल्याही तळ्याकाठी हसत नाही.

दुसरा फोन: कोकणात जाणारं कुटुंब, समुद्रावर सूर्यास्त हवाय. सूर्यास्त काढू, म्हटलं, पण खरं काम सकाळी करू. आपल्या किनाऱ्यावर सूर्य जमिनीच्या बाजूने, माडांच्या आणि टेकडीच्या मागून वर येतो. त्यामुळे सकाळी बराच वेळ वाळूवर सावली असते आणि समोरचा समुद्र उजळलेला. ओहोटीची वेळ पाहून ठेवा, ओली वाळू खालून चेहऱ्यावर उजेड टाकते. आणि कॅमेरा वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर काढू नका. दमट हवेत लेन्सवर धुकं धरतं आणि ते पुसून जात नाही, पिशवीतच अर्धा तास हळूहळू कोमट होऊ द्यावं लागतं.

तिसरा फोन संध्याकाळच्या कुटुंबाचा. "आज वेताळ टेकडीच ना? मावळतीचे हवेत."

या टेकडीवरून आमची आठवडाभर ओढाताण चालू आहे. वेताळ टेकडी शहरातली सगळ्यात उंच, दृश्य खरंच मोठं. पण मेमध्ये गवत वाळून पिंजर झालेलं, सावली जवळपास नाही, आणि दुपारनंतर ढग आले तर उघड्या माथ्यावर विजेच्या तडाख्यात आठ माणसं. मी एक अट घातली होती: पाच वाजता आकाश बघून शेवटचा निर्णय माझा. आणि दुसरी जागा आधीच ठरवून ठेवली होती, त्यांचाच प्रभात रस्त्यामागचा जुना बंगला. चार दिवसांपूर्वी तिथेही जाऊन आले. उत्तरेकडे तोंड असलेला लांब व्हरांडा, जुन्या लाद्या, लाकडी खांब.

"तिथं काय मिळणार तुम्हाला?" घरचे काका म्हणाले होते. "त्या व्हरांड्यात ऊन येतच नाही. माझा जन्म इथला आहे, चौऱ्याहत्तर वर्षं पाहतोय."

मी कंपास खिशात ठेवला आणि चहा प्यायले.

दुपारी ३:००

तासभर झोप. फोटोग्राफरच्या उन्हाळी दिनक्रमात ती कामाचाच भाग धरावी.

दुपारी ४:४५

खिडकीत उभी राहून बाहेर बघते. सिंहगडाच्या बाजूला फुलकोबीसारखे ढग वर चढलेत, बुडं काळी. वारा थांबला आहे. पानही हलत नाही, म्हणजे आता धुरळा येणार.

मदतनिसाचा फोन. "ताई, आकाश बघितलंत? टेकडीवर काय दिसेल!"

"काय दिसेल ते खालून बघू."

पाच वाजता पहिला गडगडाट. मी काकांना फोन करते: टेकडी रद्द, घरीच भेटू. पलीकडे नाराजीची शांतता. मग सूनबाईंचा आवाज, "अहो बाबा, वीज कडकडतेय."

संध्याकाळी ५:३०

व्हरांड्यात पोचतो तेव्हा धुरळ्याने रस्ता तांबूस झालेला. मग मोठे, दूरदूर पडणारे थेंब, आणि मग एकदम वळीव. मातीचा वास घरात शिरतो. आठ माणसं चांगले कपडे घालून व्हरांड्यात बसलेली, आणि माझ्याकडे सगळ्यांचं लक्ष, जणू पाऊस मी बोलावलाय. बेळगावहून आलेली लेक म्हणते, "राहू दे गं ताई, भजी तळूया." भजी तळली जातात. मी भज्यांचे फोटो काढते, कढईभोवती जमलेल्या पाठमोऱ्या मुलांचे काढते. कुणी पोझ देत नाही.

संध्याकाळी ६:२५

पाऊस थांबतो. पागोळ्या चालू. पश्चिमेला ढगाची कड उचलली गेली आहे आणि तिच्याखाली एक पट्टा स्वच्छ. मी मदतनिसाला व्हरांड्याच्या पूर्वेकडच्या टोकाला उभं राहायला सांगते.

"इथं का?"

"थांब."

साडेसहाला पहिलं ऊन आत येतं. आधी पहिल्या खांबाच्या कडेवर एक रेघ, मग दोन खांबांमधून लादीवर तिरपी पट्टी. मेच्या मध्यावर सूर्य मावळतो तो पश्चिमेपासून सुमारे २० अंश उत्तरेला सरकून. उत्तरेकडच्या भिंतीला हिवाळाभर जे दिसत नाही, ते उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांत, शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात असं कोपऱ्यातून आत येतं. ओल्या लादीवर पडून तोच उजेड पुन्हा वर उठतो, हनुवटीखालच्या सावल्या भरून काढतो. पलंगपोस धरायला कुणी लागत नाही.

"उभे राहा सगळे. जिथं आहात तिथंच."

भज्यांची ताटली कुणाच्या हातात तशीच राहते. धाकटा खांबाला मिठी मारून. काका खुर्चीतून उठतात आणि लादीवरच्या उन्हाकडे बघत राहतात.

"हे रोज येतं?"

"रोज नाही काका. एप्रिल सरता सरता ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. त्यातही पावसाळ्यात ढग."

"साडेसहाला मी रोज फिरायला गेलेलो असतो," काका म्हणाले. "कित्येक वर्षं झाली. त्याच्या आधी ऑफिसात."

काकू आतून म्हणाल्या, "मला माहीत होतं. मी याच वेळी इथं तांदूळ निवडते."

काका त्यांच्याकडे वळले. मी तेव्हा शटर दाबलं.

संध्याकाळी ६:५५

संपलं. उन्हाची पट्टी भिंतीवर चढून तांबडी झाली आणि विझली. पंचवीस मिनिटं. एवढ्यात एकशे नव्वद फोटो, त्यातले सहा नाव घेण्यासारखे. कुणी दमलं नाही, दमायला वेळच मिळाला नाही.

रात्री ९:३०

कार्डं वाचून झाली. बॅटऱ्या चार्जिंगला. पंचे दोरीवर. मदतनीस जाता जाता संगणकावर सकाळचे फोटो सरकवत बसला आहे. उगवतीचे, सोनेरी कडांचे, त्याला आवडणारे. पदराच्या फोटोपाशी थांबतो.

"ताई, यात मागचं आभाळ पांढरं झालंय."

"झालंय."

"मग हाच भिंतीवर जाणार?"

"हाच."

मी वही उघडते. डोणज्याचं पान: १३ मे, सकाळी ८:०५, ऊन पूर्व-ईशान्येकडून, सावली चिंचेपासून बावीस पावलं विहिरीकडे. आधी कोण दमलं: थोरले जावई, ७:४०. मग प्रभात रस्त्याचं नवं पान: १३ मे, संध्याकाळी ६:३० ते ६:५५, ऊन पश्चिम-वायव्येकडून, उत्तरेचा व्हरांडा, तिसऱ्या खांबापर्यंत. सावलीच्या रकान्यात काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून लिहिते: काकूंना विचारावं.

शेवटचा रकाना राहिला. मदतनीस वाकून बघतो, माझ्या हातातलं पेन घेतो आणि तिथे माझं नाव लिहितो. वेळ: ९:४०.

गजर ४:१० चाच आहे. तो बदलायला लागत नाही.